सहा मिनिटांची चाल आणि दोन फुटी फरशी: स्नायूंच्या आनुवंशिक आजारांत मोजमाप घेताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला राग यायचा नाही.

नऊ वर्षांचा मुलगा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाणारा आनुवंशिक आजार. सहा मिनिटांत किती चालतो ते मोजलं, ३१२ मीटर. तेव्हा क्लिनिक जुन्या इमारतीत होतं, बोळ जेमतेम १५ मीटरचा. सहा महिन्यांनी आम्ही नव्या जागेत आलो. तिथला व्हरांडा लांबलचक. तोच मुलगा, तेच बूट, तीच मी, आणि आकडा आला ३४१. वडील पेढे घेऊन आले. मीही खाल्ला एक.

रात्री फाइल भरताना डोक्यात किडा वळवळायला लागला. ड्युशेनमध्ये तीसेक मीटरचा फरक हा दखल घेण्याजोगा बदल धरतात आणि इथे २९ मीटरची वाढ दिसत होती. या वयात? दुसऱ्या दिवशी टेप घेऊन व्हरांडा मोजला. मी ४१ फरश्या मोजून २५ मीटर धरले होते, कारण शहाबादी फरशी दोन फुटी असते हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. पण मिस्त्रीने कडा तासून बसवलेली ती फरशी २३ इंचांची निघाली. म्हणजे एक फेरी चोवीस मीटरलाही किंचित कमी. तिथेच १४ मीटर गेले. उरलेले पंधरा वळणांनी दिले होते. १५ मीटरच्या बोळात त्याला वीस वेळा वळावं लागलं होतं, इथे फक्त तेरा वेळा. हा मुलगा वळताना भिंतीला हात लावतो, लहान लहान पावलं टाकत फिरतो, दोन-अडीच सेकंद त्यात जातात. सात वळणं वाचली, पंधरा मीटर मिळाले. मुलाच्या पायांत काहीही बदललं नव्हतं.

वडिलांना फोन करून हे सांगणं पेढा खाण्याइतकं सोपं नव्हतं.

तेव्हा मार्ग टेपनेच आखा, दोन्ही टोकांना शंकू ठेवा आणि लांबी कागदावर लिहा. प्रौढांच्या फुप्फुसांच्या आजारांसाठी ही चाचणी ३० मीटरच्या मार्गावर घेतात. ड्युशेनच्या मुलांसाठी २५ मीटरचा मार्ग, मागून सोबत चालणारा एक माणूस आणि सतत हुरूप देणं अशी पद्धत रूढ आहे. तुमच्याकडे २० मीटरच जागा असेल तर २० वर घ्या, पण मग दर वेळी २० वरच.

चादर, बोट आणि घड्याळ

चालण्यापेक्षा जास्त गडबड होते ती जमिनीवरून उठण्यात. नॉर्थ स्टार या मोजपट्टीत १७ कृती आहेत, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण ३४. उठण्याची कृती त्यातलीच. मुलगा उताणा, हात बाजूला, पाय सरळ, अनवाणी. कुशीवर न वळता आणि मांड्यांवर हात न टेकता उठला तर २. पालथा होऊन, हातांनी स्वतःच्याच मांड्यांवर चढत उठला तर १. ज्याला आपण गॉवर्स म्हणतो तेच हे. लंडनच्या विल्यम गॉवर्सनी १८७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. खुर्ची धरावी लागली किंवा उठताच आलं नाही तर ०.

मंगळवेढ्याकडचं एक कुटुंब येतं. डिसेंबरात फरशी गार म्हणून आईने पिशवीतली चादर काढून अंथरली. सोलापुरी चादर, जाड, खरबरीत. मुलगा झोपला, वळला, गुडघ्यावर आला आणि त्याच्या टाचेखाली चादरीची घडी जमा झाली. त्या घडीला पाय रोवून तो पाच सेकंदांत उभा. मी चादर काढून पातळ मॅट टाकली आणि त्याला पाच मिनिटं बसवून पुन्हा उठायला सांगितलं. आठ सेकंद. या वेळी शेवटच्या क्षणी आईचा हात पुढे झाला आणि त्याने तर्जनी पकडली.

“बोटच की ओ मॅडम, आधार कुठं दिलाय?”

तेच बोट. प्रयत्न बाद, पुन्हा झोप. आईचं चुकलं असं मी म्हणत नाही. घरी दिवसातून वीस वेळा ती हेच बोट देते, हात आपोआप जातो. म्हणून आता मी आईला मुलाच्या समोर न बसवता माझ्या मागे बसवते आणि हातात त्याची बाटली देते. हात गुंतलेला बरा.

आणि नुसता गुण लिहू नका, सेकंदही लिहा. मुलगा ४ सेकंदांत गॉवर्स करून उठला तरी १, ९ सेकंदांत उठला तरी १. वर्षभर तक्त्यात १, १, १ दिसतं आणि घरचे म्हणतात, स्थिर आहे. घड्याळ मात्र काही वेगळंच सांगत असतं. १० मीटर पळणं आणि चार पायऱ्या चढणं यालाही हेच लागू.

वाढलेला गुण म्हणजे औषध लागू पडलं?

पाच वर्षांच्या ड्युशेनच्या मुलाचा नॉर्थ स्टार वाढतो, कारण मूल वाढत असतं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत वाढ आणि झीज यांची ओढाताण चालते, त्यात वाढ जिंकते. मग गाडी उताराला लागते. त्यामुळे या वयातला चढता आकडा पाहून कुठलं तेल, कुठला काढा, कुठला बाबा यांना श्रेय देऊ नका. (सहा महिन्यांत मला अशी तीन तेलं दाखवली गेली. वास चांगला होता.) उलट सहाव्या वर्षी गुण जागच्या जागी थांबला असेल तर तीही बातमीच आहे.

स्टेरॉइड चालू असेल तर मात्रा आणि दिवस लिहा. दहा दिवस गोळी, दहा दिवस सुट्टी अशा पद्धतीत मोजणी सुट्टीतल्या नवव्या दिवशी पडली होती की गोळीच्या, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

चुकीची पट्टी

एका रिपोर्टवर एसएमएच्या (कण्यातल्या चेतापेशी झिजून स्नायू दुबळे होणारा आनुवंशिक आजार) सात महिन्यांच्या बाळाला विस्तारित हॅमरस्मिथ ही मोजपट्टी लावलेली पाहिली. ६६ पैकी शून्य. आईबाप शून्य बघून रडत होते. ही पट्टी बसता येणाऱ्यांसाठी आहे. ज्याला मानही धरता येत नाही त्याला ती लावणं म्हणजे बालवाडीतल्या पोराला दहावीचा पेपर देणं. अशा बाळासाठी चॉप इंटेन्ड ही पट्टी आहे, १६ कृती, कमाल ६४. त्याच बाळाला तिथे १९ मिळाले. हे १९ पुढे वाढताहेत की घटताहेत ते बघता येतं, शून्याचं काय बघणार? चॉप इंटेन्ड घेताना बाळ जागं आणि शांत हवं. दूध पिऊन पेंगुळलेलं बाळ आणि भुकेलं बाळ ही गुणांच्या हिशेबात दोन वेगळी बाळं.

उलटी चूकही होते. चालता येणाऱ्या, बऱ्या ताकदीच्या माणसाला सोपी पट्टी लावली की सगळीकडे पूर्ण गुण आणि घसरण झाकलेली.

स्नायूंना ० ते ५ अशी हातांनी तपासून श्रेणी देण्याची जुनी सवय आहे, ती वाईट नाही. पण ४ ही श्रेणी एवढी ऐसपैस आहे की त्यात दोन-तीन वर्षांची झीज सहज मावते. हातात धरायचा डायनामोमीटर, म्हणजे जोर मोजायचं यंत्र, असेल तर किलोत लिहा. लिंब-गर्डलच्या (खांदे-कंबरेचे स्नायू झिजणारी डिस्ट्रॉफी) तरुणांत, आणि शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजारात पाऊल वर उचलण्याचा जोर मोजायला, मला तोच जास्त उपयोगी वाटतो.

मायोटोनिक डिस्ट्रॉफीत आणखी गंमत. पहिल्यांदा मूठ आवळली की सुटता सुटत नाही. पाच-सहा वेळा आवळली की मोकळी होत जाते. त्यामुळे पहिलीच मूठ मोजायची की चौथी, हे आधी ठरवा आणि कायम तेच पाळा.

व्हीलचेअर आली म्हणजे मोजणं संपलं?

हा समज मला सगळ्यांत जास्त छळतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा खुर्चीत बसला की फाइल पातळ होते. पुढच्या नोंदी “चालत नाही” एवढ्याच. अरे, पण तो भाकरीचा तुकडा तोंडाशी नेतो का? मोबाइल उचलतो का? परीक्षेत तीन तास लिहू शकेल का? ड्युशेनमध्ये हातांचं काम मोजायला पीयूएल ही पट्टी आहे, एसएमएसाठी आरयूएलएम आहे. एमएफएम या सगळ्या शरीराच्या हालचाली मोजणाऱ्या पट्टीच्या ३२ कृतींत उभं राहणं आणि जागा बदलणं हा एक भाग, धड आणि खांदे-कंबर हा दुसरा, हातपायांची टोकं हा तिसरा. चालणं थांबलं की पहिला भाग तळाला जातो, दुसरा-तिसरा अजून बोलत असतात. एकूण बेरीज लिहिली की ते बोलणं ऐकू येत नाही; तिन्ही भाग वेगळे लिहा. सात वर्षांखालच्यांसाठी याचीच २० कृतींची आवृत्ती आहे.

एमएफएमचा गुण टक्क्यांत देतात आणि त्यातून एक घोळ होतो. मुलाला ६२ टक्के मिळाले म्हणजे ३८ टक्के अपंगत्व, असं गणित मांडून एक काका यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) अर्जासाठी माझा कागद घेऊन गेले. ते गणित नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहेच, पण प्रमाणपत्राची टक्केवारी वेगळ्या नियमांनी आणि वेगळ्या मंडळासमोर ठरते.

दिवस कोणता होता?

मे महिन्यात दुपारी दोनला, अक्कलकोटहून एसटीत उभ्याने आलेल्या माणसाची चाल मोजू नका. सकाळची वेळ द्या, पाणी द्या, अर्धा तास बसू द्या. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मी मोजणीच घेत नाही. एकदा घेतली होती. मुलाचे चार गुण कमी, मी काळजीत, आणि आजी म्हणाल्या, “काल होम मैदानावर रात्री दहापर्यंत हिंडला की.” पंधरा दिवसांनी त्यातले तीन परत आले. त्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न मात्र वेगळा होता: लघवीचा रंग कसा आहे? अति श्रमानंतर ती कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जातंय असं समजायचं आणि गुणबिण सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत मुलाला मराठी शाळेपुरती येते, घरात तेलुगू. सूचना आजी समजावते आणि समजावताना शिकवतेही: असा वळ, हात टेक, आता जोर लाव. म्हणून सूचना आधी करून दाखवा, तोंडाने कमी सांगा. कानडी घरांतही हेच जमतं.

आकडा पटत नाही तेव्हा

आधी बेरीज पुन्हा करा, हसू नका, निम्म्या वेळा तिथेच सापडतं. मग कृतीनुसार दोन्ही कागद शेजारी ठेवा. घट सगळीकडे थोडी-थोडी पसरली असेल तर दमणूक, ताप, झोप विचारा. एकाच पायाच्या कृतींत असेल तर घोटा आखडलाय का, पडला होता का, बघा. स्टेरॉइडवरच्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, छोटा फ्रॅक्चर घरच्यांनाही कळलेला नसतो. वजन आणि उंची त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांत सहा किलो वाढले असतील तर तेच पाय जास्त ओझं वाहताहेत. मोजणारा माणूस बदलला असेल तर दोघांनी एकाच मुलाला एकाच वेळी, एकमेकांचा कागद न बघता गुण द्या. मी आणि माझ्या सहकारिणीने पहिल्यांदा केलं तेव्हा १७ पैकी पाच कृतींत फरक आला होता. एक कारण निघालं साधं: एका पायावर उभं राहण्याचे सेकंद ती पाय उचलल्यापासून मोजत होती, मी तोल सावरल्यापासून.

हे सगळं करूनही घट तशीच दिसली तर दोन आठवड्यांनी त्याच वेळेला, त्याच खोलीत पुन्हा घ्या आणि दोन्ही कागद न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा, चांगला आलेला एकटाच नव्हे. आमच्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात आता सात रकाने आहेत: वेळ, मार्गाची लांबी, पायात काय होतं, जमिनीवर काय होतं, शेवटची गोळी कधी, काल काय केलं, मोजलं कुणी. सातवा रकाना भरायला मीच विसरते.