आयसीएसई दहावीचा इंग्रजी साहित्याचा पेपर: घरी करायची तयारी

पुस्तकं विकत घेण्याआधी कौन्सिलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सीआयएससीई मंडळाच्या, वेबसाइटवरून आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या परीक्षावर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. दर काही वर्षांनी नेमलेली पुस्तकं बदलतात, आणि मोठ्या भावंडाची पुस्तकं सांभाळून ठेवलेल्या घरांत इथेच घोटाळा होतो. २०२४ पर्यंत ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ आणि ‘ट्रेझर ट्रोव्ह’ होतं. २०२५ च्या परीक्षेपासून शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ आणि कथा-कवितांचं ‘ट्रेझर चेस्ट’ आलं. दोन संग्रहांची नावं इतकी सारखी आहेत की दुकानदारही जुनं पुस्तक हातात ठेवतो. दहावीच्या पेपरला नाटकाचे कोणते अंक आहेत, कोणत्या कथा आणि कविता आहेत, तेही त्याच अभ्यासक्रमात असतं. ती यादी वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी स्वतःच्या हातानं लिहावी.

मग पेपरचं स्वरूप नीट समजून घ्या. इंग्रजीचे दोन पेपर असतात, भाषेचा आणि साहित्याचा, आणि इंग्रजीचे मार्क दोन्हींचे मिळून ठरतात. त्यामुळे साहित्याचा पेपर ‘गोष्टी तर आहेत’ म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलण्यासारखा नाही. लेखी पेपर ८० मार्कांचा, शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापनाचे २०. वेळ दोन तास, आणि त्याआधी वाचनासाठी १५ मिनिटं. पहिला प्रश्न सक्तीचा: १६ बहुपर्यायी, प्रत्येकी एक मार्क. पुढे नाटक, कथा आणि कविता असे तीन विभाग. प्रत्येकातून एक प्रश्न सोडवायचाच, आणि या तिन्हींपैकी कुठल्याही विभागातला आणखी एक, म्हणजे एकूण पाच प्रश्न. या विभागांतला प्रत्येक प्रश्न एका उताऱ्यावर बेतलेला असतो. त्याचे पाच उपप्रश्न, चार तीन-तीन मार्कांचे आणि शेवटचा चार मार्कांचा. हे बोलणारा कोण, कोणाशी बोलतोय, याच्या लगेच आधी काय झालं, पुढे काय होणार, आणि शेवटी तुम्हाला काय वाटतं, या अंगानं ते जातात.

म्हणून माझं सगळ्या पालकांना एकच कळकळीचं सांगणं असतं: गाईड बाजूला ठेवा, मूळ पुस्तक हातात द्या. गाईडमधला सारांश गोष्ट सांगतो, पण उताऱ्यावरचा प्रश्न गोष्टीतल्या एका नेमक्या क्षणावर येतो. तो क्षण ज्यानं मूळ पानावर वाचलाय, त्याला उत्तर आठवावं लागत नाही, ते समोर उभं राहतं. सारांश पाठ केलेला मुलगा मात्र त्याच तीन मार्कांसाठी अख्खी गोष्ट लिहून काढतो, आणि विचारलेलं तेवढं राहून जातं.

‘ज्युलियस सीझर’ला सगळ्यात जास्त वेळ द्या आणि ते मोठ्यानं वाचायला लावा. ते रंगमंचासाठी लिहिलेलं आहे, मनातल्या मनात वाचलं तर निम्मं निसटतं. टीपा असलेली आवृत्ती घ्या: डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर अर्थ अशी असेल तर उत्तम. पहिल्या वाचनात अर्थाच्या पानाकडे बघत बघत पुढे जायचं, दुसऱ्या वाचनात अर्थाचं पान झाकायचं. दहावीच्या पेपरला तिसऱ्या अंकापासूनचा भाग असला तरी पहिले दोन अंक सोडू नका. नववीत झालेत म्हणून मुलं ते बासनात बांधून ठेवतात, आणि मग तिसऱ्या अंकातले धागे हाताला लागत नाहीत. सीझरचा खून झाल्यावर त्याचा मित्र अँटनी प्रेतापुढे म्हणतो की मी सीझरला तीनदा मुकुट देऊ केला आणि त्यानं तीनदा नाकारला. हा प्रसंग पहिल्या अंकात, पुढे कटात सामील होणाऱ्या कास्काच्या तोंडून येतो, आणि कास्का सांगतो की दर वेळी सीझरचा नकार आधीपेक्षा सौम्य होत होता. हे माहीत असलेल्या मुलालाच कळतं की अँटनी खरं तेच सांगतोय, पण अर्धंच सांगतोय.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, फोरममधली, म्हणजे रोमच्या भर चौकातली, दोन भाषणं, हे नाटकाचं काळीज आहे. इथे दोन-तीन संध्याकाळी खुशाल घालवा. सीझरला मारणाऱ्या कटातला ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. हा फरक मुलांना पानावर बोट ठेवून दाखवा, ओळींची मांडणीच वेगळी दिसते. ब्रूटस कारणं देतो, लोकांना ती पटतात, आणि मग तो ‘अँटनीचं ऐकून घ्या’ असं सांगून स्वतः निघून जातो. अँटनी सीझरच्या मृत्युपत्राचा कागद दाखवतो, पण वाचत नाही. लोक आग्रह करतात. तो खाली उतरतो, सगळ्यांना प्रेताभोवती गोल उभं करतो, आधी सुऱ्यांनी फाटलेला झगा दाखवतो, मग खुद्द देह. लोक जाळपोळ करायला धावत सुटतात, मृत्युपत्र पार विसरून जातात, तेव्हा तोच त्यांना परत बोलावतो आणि वाचून दाखवतो: प्रत्येक नागरिकाला ७५ ड्रॅक्मा, शिवाय टायबरकाठच्या बागा. हा क्रम मुलांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे, कारण बहुपर्यायी प्रश्नांत घटनांचा क्रम लावायला सांगतात.

आणि पान उलटून चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश लगेच वाचा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. अँटनी आणि त्याचे सत्तेतले भागीदार ऑक्टेव्हियस आणि लेपिडस मरायच्या माणसांची यादी करत बसलेत, आणि अँटनी लेपिडसला सीझरच्या घरी धाडतो: ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातल्या देण्यांना कुठे कात्री लावता येते ते बघू. ज्या कागदावर त्यानं रोम पेटवलं, तोच कागद. अँटनीच्या स्वभावावर चार मार्कांचा प्रश्न आला आणि मुलीनं हे एवढं लिहिलं, तर तपासणाऱ्याला कळतं की हिनं पुस्तक वाचलंय. असे पुरावे गाईडमध्ये एखाद्या ओळीत दडलेले असतात. मूळ वाचताना ते आपोआप अंगावर येतात.

असाच एक धागा ब्रूटसचा. कटातला त्याचा साथीदार कॅशियस तीनदा योग्य सल्ला देतो आणि ब्रूटस तीनदा तो उडवून लावतो: दुसऱ्या अंकात अँटनीलाही मारू या म्हणतो तेव्हा, तिसऱ्यात अँटनीला बोलू देऊ नको म्हणतो तेव्हा, आणि चौथ्यात फिलिपायला चालून जाऊ नये म्हणतो तेव्हा. वहीत यासाठी एक पान राखून ठेवायचं, अंक आणि प्रवेशाच्या आकड्यांसह. पाचव्या अंकात एकामागून एक मरणं आहेत, तिथे मुलं गोंधळतात. कोण कोणाच्या हातून, कुठल्या गैरसमजातून मेलं याची छोटी टिपणं काढा. कॅशियसच्या बाबतीत त्याचा गुलाम पिंडारस लांबून पाहतो आणि त्याचा मित्र टिटिनियस शत्रूच्या हाती सापडला असं चुकीचं सांगतो; खरं तर टिटिनियसभोवती जमलेले घोडेस्वार मित्रांचेच होते. तीन मार्कांचा हा हमखास प्रश्न वाटतो मला.

घरात इंग्रजीचं वातावरण नसलेल्या आई-बाबांना हा सगळा भाग आपल्या आवाक्याबाहेरचा वाटतो. तसं अजिबात नाही. रात्री जेवणं झाली की मुलाला म्हणा, आज वाचलेला प्रवेश मला मराठीत सांग. मध्ये मध्ये विचारा: मग तो काय म्हणाला? का म्हणाला? तिथे आणखी कोण होतं? उत्तर अडखळलं की नेमकं काय वाचायचं राहिलंय ते दोघांनाही समजतं. हेच प्रश्न पेपरात इंग्रजीत येतात. समजणं मराठीत झालं तर बिघडत काहीच नाही. लिहिण्याचा सराव इंग्रजीत होतोच आहे.

कथांचं काम त्या मानानं हलकं आहे, पण तपशील पक्के हवेत. ‘द पेडेस्ट्रियन’मध्ये साल २०५३, लिओनार्ड मीड नावाचा माणूस, तीस लाखांच्या शहरात उरलेली एकच पोलीस गाडी, आणि तीही रिकामी, आत चालकच नाही. ‘द गर्ल हू कॅन’मध्ये सात वर्षांची अजोआ, तिच्या बारीक पायांवरून चाललेली आजीची आणि आईची बोलणी, आणि त्याच पायांनी जिंकलेला चषक. ‘द एलिव्हेटर’चा शेवट मुद्दाम उघडा ठेवलाय, तो मुलांना तसाच ठेवू द्या, क्लासमधल्या सरांनी लावलेला अर्थ पाठ करण्यापेक्षा ‘मला असं वाटतं, कारण...’ हे दोन वाक्यांत सांगता येणं मोलाचं. ‘विथ द फोटोग्राफर’ एका बैठकीत वाचून होते. ‘द लास्ट लेसन’ला मात्र थांबा. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सास जर्मनांकडे गेलं, आणि तिथल्या शाळांत फ्रेंच बंद करून जर्मन शिकवायचा हुकूम बर्लिनहून आला; एवढी पार्श्वभूमी आधी सांगितली तर शेवटच्या बाकांवर येऊन बसलेले गावकरी मुलांना दिसायला लागतात. आपली भाषा शाळेतून जाणं म्हणजे काय, यावर घरात बोलणंही होतं, आणि ते बोलणं चार मार्कांच्या उत्तरात उतरतं.

कविता रोज एक, मोठ्यानं. प्रत्येक कवितेखाली तीनच गोष्टी लिहायच्या: बोलणारा कोण आहे, कविता कुठे वळते, आणि कवीनं वापरलेला एखादा अलंकार कोणत्या शब्दांत दिसतो. अलंकाराचं नुसतं नाव लिहून पूर्ण मार्क मिळत नाहीत. त्या ओळीत तो काय करतोय ते सांगावं लागतं. ‘द ग्लव्ह अँड द लायन्स’मध्ये सिंह झुंजत असलेल्या रिंगणात बाईसाहेब हातमोजा टाकतात, काउंट उडी मारून तो आणतो आणि सरळ तिच्या तोंडावर फेकतो, आणि राजा त्याचीच बाजू घेतो. तो का घेतो, हा खरा प्रश्न. ‘द पॉवर ऑफ म्युझिक’ मुलांना फार आवडते, भीष्मलोचन शर्मांचं गाणं आणि त्यांना गप्प करणारा तो बोकड! तिथे विनोद अतिशयोक्तीतून कसा उभा राहतो, ते ओळी दाखवून लिहायचा सराव करा. उरलेल्या ‘हाँटेड हाउसेस’, ‘व्हेन ग्रेट ट्रीज फॉल’ आणि ‘अ कन्सिडरेबल स्पेक’ या शांत कविता आहेत. एकदा वाचून कळत नाहीत, तीन-चार वेळा वाचल्या की उलगडतात.

डिसेंबरपर्यंत सगळं वाचून झालेलं असावं, म्हणजे प्रिलिमच्या आधी लिहिण्याला वेळ मिळतो. लिहायचं ते घड्याळ लावून. हिशेब सोपा आहे: १२० मिनिटांतली १५ बहुपर्यायीला, चार उताऱ्यांना प्रत्येकी २५, आणि शेवटची ५ तपासायला. तीन मार्कांच्या उत्तरात तीन मुद्दे, प्रस्तावना नको. ‘वरील उतारा अमुक नाटकातून घेतला आहे’ हे कोणी विचारलेलं नसतं. चार मार्कांच्या उत्तरात मत हवं आणि मताला पुस्तकातला आधार हवा. लांबलचक अवतरणं घोकण्यात वेळ घालवू नका, चार-पाच शब्दांचा तुकडा नेमक्या जागी आला की पुरतं. पात्रांच्या नावांचं स्पेलिंग आपल्या पुस्तकात छापलंय तसंच लिहायचं. सीझरच्या बायकोच्या नावाचं स्पेलिंग आवृत्तीगणिक वेगळं दिसतं. कौन्सिलचे नमुना पेपर सोडवा. २०२३ आणि २०२४ चे पेपरही हाताशी ठेवा, पुस्तकं जुनी असली तरी प्रश्नांचा साचा हाच आहे. परीक्षकांनी मुलांच्या उत्तरांवर नोंदवलेली निरीक्षणंही कौन्सिल प्रसिद्ध करत आलीय. ती एकदा तरी आई-बाबांनी वाचावीत. मार्क कुठे जातात ते तिथे सरळ सांगितलेलं असतं.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही उघडायचं नाही. वहीतली आपली टिपणं, तिसऱ्या अंकाचं एक सलग वाचन, कविता मोठ्यानं. आदल्या रात्री जागरण नको. हॉल तिकीट, शाळेचं ओळखपत्र, दोन-तीन वापरलेली चालू पेनं, साधं घड्याळ आणि पाण्याची बाटली संध्याकाळीच पिशवीत गेलेली असावी.

वाचनाची १५ मिनिटं ही या पेपरातली सगळ्यात कामाची वेळ. बहुपर्यायी प्रश्नांवर ती खर्चू नका. तिन्ही विभागांतले सहाही उतारे त्यांच्या पाचही उपप्रश्नांसकट वाचायचे आणि चौथा उतारा कोणत्या विभागातून घ्यायचा ते तिथेच ठरवायचं. उतारा ओळखीचा वाटला म्हणून निवडायचा नाही. चार मार्कांचा शेवटचा उपप्रश्न येत असेल तरच निवडायचा. बहुपर्यायीत प्रश्न उतरवून काढायचे नसतात, फक्त उत्तर लिहायचं. प्रत्येक नवा प्रश्न नव्या पानावर, समासात प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक पेपरात आहे तसाच. शेवटच्या पाच मिनिटांत आधी हे क्रमांक तपासायचे, मग राहिलेला उपप्रश्न, मग स्पेलिंग.