घरचा लुआऊ: जेवण ठरवताना या चुका टाळा

होनोलुलूत राहायला लागून आता बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "शनिवारी घरी हवाईयन पार्टी ठेवलीय, पंचवीस माणसं आहेत, काय काय करू?" आणि हा फोन येतो गुरुवारी रात्री. तोवर कागदी माळा, फुलाफुलांचे शर्ट, पेल्यात खोचायच्या छत्र्या सगळं आणून झालेलं असतं. फक्त जेवण ठरायचं राहिलेलं असतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण लुआऊ हे नावच मुळात खाण्याचं आहे. लुआऊ म्हणजे अळूचं पान, आणि ते नारळाच्या दुधात शिजवून केलेला पदार्थही. त्यावरून अख्ख्या मेजवानीला नाव पडलं. १८१९ साली हवाईचा राजा दुसरा कामेहामेहा बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. त्याआधी तिथे बायका आणि पुरुष एकत्र जेवत नसत. बायकांना डुकराचं मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी वर्ज्य होती. एवढा इतिहास ज्या जेवणामागे आहे, ते ठरवायचं शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका.

पानं अर्धकच्ची ठेवणं

ही चूक मराठी घरात तरी व्हायला नको, पण सगळ्यात जास्त मी तिथेच पाहिली आहे. हवाईचा कालो म्हणजे आपलंच अळू, वनस्पती एकच. अळू खाजतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, म्हणून तर फदफद्यात चिंच पडते. पण तेच पान प्लॅस्टिकच्या पिशवीत, इंग्रजी लेबल लावून समोर आलं की ते पालकासारखं वाटायला लागतं.

ओळखीतल्या एका घरी मुलीचा पहिला वाढदिवस होता. हवाईत बाळाचा पहिला वाढदिवस थाटात करतात, त्यामुळे चाळीस माणसं बोलावलेली. पानं चिरून नारळाच्या दुधात वीस मिनिटं शिजवली होती आणि रंग सुरेख हिरवागार आला होता. पहिलं ताट पुण्याहून आलेल्या आजोबांना दिलं. ते दोनदा खाकरले, पाणी प्यायले, मग ओठ चोळायला लागले. पाच मिनिटांत पोरं रडायला लागली. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आम्ही धावपळ करून सगळ्यांना गार दूध आणि दही दिलं. पातेलं परत मोठ्या आचेवर चढवलं, तर नारळाचं दूध फुटलं आणि खालून लागलंही.

शेजारच्या आंटी (इथे वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, आपल्या काकू-मावशीसारखं) शांतपणे पुढे आल्या. त्यांनी पातेल्यातलं एक देठ उचललं, दोन बोटांत दाबलं आणि मला दाखवलं. देठ चेपलं, पण आत दोरा राहिला. "हा दोरा जाईपर्यंत झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. मग घरी जाऊन आपल्या फ्रीजरमधला शिजवलेल्या पानांचा डबा घेऊन आल्या, आणि वेळ निभावली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आदल्या दिवशी देठ आणि जाड शिरा काढायच्या, भरपूर पाण्यात पानं मंद आचेवर किमान दीड तास ठेवायची. हिरवा रंग जाऊन शेवाळी, काळपट रंग यायला हवा. बोटांत दाबल्यावर पान लोण्यासारखं पसरलं पाहिजे. ते पाणी टाकून द्यायचं. नारळाचं दूध दुसऱ्या दिवशी, शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचं आणि खळखळून उकळू द्यायचं नाही. फ्रीजरमधली बाजारची पानंही बहुधा कच्चीच असतात, तीही तेवढीच शिजवायची. कुकरच्या तीन शिट्ट्यांत होईल का, असं प्रत्येक जण विचारतो. मी करत नाही. कुकरमध्ये पान बोटाने दाबून बघता येत नाही, आणि या पानाला बोटाखेरीज दुसरी परीक्षा नाही. लाउलाउ, म्हणजे पानांत गुंडाळलेलं मांस नि मासा, करणार असाल तर वाफेवर चार तास धरून चाला. वरचं टीचं पान (चहाचं नव्हे, टी नावाच्या झाडाचं) मात्र खायचं नसतं. पातोळ्यांचं हळदीचं पान आपण जसं काढून ठेवतो, तसं ते काढून ठेवायचं. पाहुण्यांना हे आधी सांगा.

सगळ्यात अननस

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हवाईत त्याचा मोठा धंदा उभा राहिला तो विसाव्या शतकात. अननस घातलेला 'हवाईयन पिझ्झा' तर १९६२ साली कॅनडात जन्मला. तरीही लोक मांसात अननस, भातात अननस, कच्च्या माशातही अननस घालतात.

चवीचं सोडा, यात खरं नुकसान आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं आणि ते प्रथिनं तोडतं. चिकन रात्रभर ताज्या रसात मुरवलं की सकाळी बाहेरचा थर पिठूळ लगदा होतो, आणि भाजताना तो जाळीला चिकटून राहतो. त्याच कारणाने ताजा अननस घातलेली जेली सेट होत नाही. रस हवाच असेल तर डब्यातला घ्या किंवा आधी उकळून घ्या. उष्णतेने ब्रोमेलेनचा जोर जातो. मी अननस नुसता कापून, जेवण झाल्यावर देते.

कालुआ पोर्कचा अंदाज चुकणं

खरं कालुआ जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर होतं. घरी ओव्हन पुरे, पण चरबी नको म्हणून पाठीचा कोरडा तुकडा आणू नका. खांद्याचाच तुकडा घ्या. अडीच किलोला दीड मोठा चमचा जाडं मीठ, एक मोठा चमचा लिक्विड स्मोक (धुराचा वास देणारा अर्क, जास्त झालं तर कडू होतं), केळीच्या पानात गुंडाळायचं, वर घट्ट फॉइल आणि १६० अंश सेल्सिअसला सुमारे पाच तास. मध्ये उघडून बघायचं नाही. घाई करणारे इथेच हरतात: तीन तासांनी काटा लावतात, मांस सुटत नाही म्हणून आच वाढवतात आणि ते वातड करून ठेवतात. आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास गेलं की ते आपोआप सुटतं. शिजून, हाड काढून वजन जवळजवळ निम्मं होतं, म्हणून वीस माणसांना, सोबत इतर पदार्थ असताना, साडेचार-पाच किलो कच्चं मांस घ्या.

आणि बाकीच्या

बासमती करू नका. इथला भात चिकट, मध्यम दाण्याचा असतो. भारतात असाल तर इंद्रायणी जवळची.

पोई, म्हणजे शिजवून कुटलेल्या अळकुड्यांचा लगदा, नुसती चाखून नाक मुरडू नका, ती खारट कालुआ किंवा लोमी सामनबरोबर (खारवलेला सामन मासा, टोमॅटो नि कांदा) खायची असते. पोईचं भांडं उघडं असताना भांडू नये, असा इथला संकेत आहे. मला तो फार आवडतो.

पोकेचा, म्हणजे मसाला लावलेल्या कच्च्या माशाच्या तुकड्यांचा, मासा वाढायच्या आधी थोडा वेळच कालवा आणि बर्फावरच ठेवा. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला कच्चा मासा टाकून द्या, कितीही महागाचा असला तरी.

चिकन लाँग राइसमधल्या (नावात राइस असला तरी हा चिकनच्या रश्शातल्या शेवयांचा पदार्थ) शेवया सकाळी भिजवून ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत सगळा रस्सा पिऊन बसतात. त्या शेवटीच घाला.

शाकाहारी पाहुण्यांपुढे सॅलडची वाटी सरकवू नका. नारळाच्या दुधातली पानं चिकनशिवायही तितकीच छान लागतात. जांभळी रताळी वाफवा. उलू मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो म्हणजे कोकणातला नीरफणस. काप करून भाजा, वर मीठ.

हाउपिया खरवसासारखी दिसते, म्हणून लोक ती दूध-साखर आटवल्यासारखी करायला जातात. ती नारळाचं दूध आणि कॉर्नस्टार्चची असते. पीठ आधी थंड पाण्यात मोडून घ्या, उकळी फुटल्यावरही दोन-तीन मिनिटं सतत ढवळा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी चौकोनी वड्या पाडा, आणि ताट परत आत ठेवून जेवणं उरकत आली की मगच बाहेर काढा.