भातावर रोग आलाय का हे बघायला खाचरात उतरा, बांधावरून नको

गणपतीत मुंबईहून आलेले चाकरमानी बांधावर उभे राहून फोटो काढतात, काय हिरवंगार भात म्हणतात, आणि नेमकं त्याच दिवसांत खाली बुडाशी रोग वर सरकत असतो. मीपण पूर्वी बांधावरूनच बघायचो. एका वर्षी पानं टोकाकडून सुकायला लागली, मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवला, त्यांनी बुरशीचं औषध दिलं, दोनदा मारलं, ढिम्म फरक नाही. नंतर कळलं की तो कडा करपा, जिवाणूचा रोग, त्याला बुरशीनाशक काय करणार! तेव्हापासून आमच्याकडे आधी ओळख, मग मोजणी, मग दुकान असा क्रम.

लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी बघायला सुरुवात करा, आठवड्यातून एक फेरी पुरे. पण चार दिवस रिपरिप, ढगाळ, रात्री गारवा आणि सकाळी पानावर दव असं हवामान लागलं की दोन फेऱ्या मारा, करप्याला (हा भातावरचा बुरशीचा रोग) हेच पाहिजे असतं. जायचं सकाळी. आधी वाईट जागा बघा, म्हणजे आंब्या-फणसाच्या सावलीतला कोपरा (तिथे दव उशिरा सुकतं), वरच्या खाचरातलं पाणी जिथून आत येतं ते तोंड, आणि युरिया जास्त पडून काळपट हिरवे झालेले पट्टे. मग बांधाकडेच्या ओळी सोडून आत जा आणि तिरकंतिरकं चालत पाच ठिकाणी दहा-दहा चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) बघा. म्हणजे पन्नास चूड. वाकायचं, चूड हाताने बाजूला करून बुडापर्यंत बघायचं, कंबर दुखते पण त्याला इलाज नाही.

आता काय बघायचं. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी आणि कडा तपकिरी, तर तो करपा. नाचणीवरही करपा येतो, जवळ नाचणी असेल तर तीपण बघा. तिळाएवढे गोल-लांबट तपकिरी ठिपके असतील तर तो वेगळा रोग, तो बहुतेक हलक्या, खत कमी पडलेल्या जमिनीत दिसतो, तिथे आधी जमिनीकडे बघा. पाण्याच्या पातळीजवळ पानाच्या म्यानावर (खोडाला गुंडाळलेल्या भागावर) हिरवट-राखाडी डाग, एकात एक मिसळून सापाच्या कातीसारखे दिसतात, तो पर्णकोष करपा. हा दाट लावणीत फार, आणि बांधावरून कधीच दिसत नाही.

कडा करपा टोकाकडून कडेकडेने पिवळा-पांढरट उतरतो, आतली रेघ नागमोडी. जोराच्या वाऱ्यापावसात पानं घासून जखमा होतात आणि जिवाणू तिथून आत शिरतात. आपल्याकडे लावणीला तरवा (रोपं) उंच झाला की शेंडे छाटायची सवय आहे ना, तीपण जखमच, ती सोडा. खात्री करायची तर रोगट पानाचा हिरव्या भागाजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा धरा, थोड्या वेळात टोकातून दुधट धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणू. एवढं केलं असतं तर माझे त्या वर्षीचे औषधाचे पैसे वाचले असते.

निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, पांढरी लोंबी दिसली की लोक घाबरून काहीही मारतात. आधी ती लोंबी ओढून बघा. सहज उपटून हातात आली आणि बुडाशी कुरतडलेली दिसली तर खोडकिडा. नाही आली, पण मान, म्हणजे लोंबीचा देठ, काळी पडून तिथेच मोडतेय, तर मानेवरचा करपा. दाण्याच्या जागी शेंदरी, मग हिरवट-काळ्या मखमली गाठी आल्या तर काजळी, आणि गाठी दिसल्यावर फवारून काही उपयोग नाही, तिचं औषध पोटरीतच, म्हणजे लोंबी अजून म्यानात असतानाच, मारावं लागतं. आणि गोल-गोल जागा करपून भात बसलंय असं दिसलं तर चूड हलवून बघा, बुडातून तुडतुडे (रस शोषणारे किडे) उडतील. तो रोगच नाही.

मोजणी वहीत लिहा: पन्नासपैकी किती चूड, कुठल्या कोपऱ्यात. तीन-चार दिवसांनी परत. सहा होते ते सातच राहिले आणि ऊन पडलं तर मी थांबतो. सहाचे पंधरा झाले तर थांबत नाही. पण भात पोटरीत असेल आणि पानावर करपा आधीच असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट बघू नका, मान एकदा सडली की ती लोंबी गेलीच.

फवारणीआधी दोन फुकटची कामं. एक, युरियाचा पुढचा हप्ता थांबवा. भाताची नेहमीची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची, म्हणजे गुंठ्याला सगळ्या हंगामात मिळून साधारण सव्वादोन किलो युरिया, तोही हप्त्याहप्त्याने, आणि आपण मात्र एका पावसात घमेलं रिकामं करतो. दुसरं पाणी, आणि इथे गोंधळ होतो. करपा असेल तर खाचर कोरडं पडू देऊ नका, पण कडा करपा असेल तर पाणी काढून टाका, आणि तेही खालच्या निरोगी खाचरात सोडू नका, रोग पाण्याबरोबर जातो.

औषधात करप्याला ट्रायसायक्लॅझोल, पर्णकोष करप्याला हेक्साकोनॅझोल किंवा व्हॅलिडामायसिन ही नेहमीची नावं, पण घेण्याआधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा, शिफारशी बदलत असतात, आणि मात्रा लेबलवरचीच घ्या. दुकानदाराला फोटो नाही, पान नेऊन दाखवा. उघडीप बघून, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घालून, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला फडकं बांधून मारा. खाचरातलं पाणी खाली व्हाळाला (ओढ्याला) जातं, तिथे कोणीतरी कुर्ल्या पकडत असतं, हे डोक्यात ठेवा.

रोग आलेल्या खाचराचं बी कणगीत ठेवू नका. पुढच्या मृगात पेरायच्या आधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओता, वर तरंगेल ते पोचट काढून टाका, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवून सावलीत सुकवा आणि मग थायरम (बुरशीनाशक) किलोला अडीच ते तीन ग्रॅम चोळून पेरा. तरंगलेलं बी कोंबड्यांना चालतं, पण थायरम लावलेलं चुकूनही नको.