कटाडिनच्या वेगचाचणीआधी काय काय पाहून घ्यावं

सगळ्यात आधी नौका गोदीत घेऊन तळ खरवडायचा आणि ताजा रंग द्यायचा. शेवाळ, शिंपले वेग खातात, आणि इथे तर वेगाचाच प्रश्न आहे. अमेरिकी नौदलाची कटाडिन ही रॅम नौका, म्हणजे शत्रूच्या जहाजाला धडक देऊन बुडवणारी नौका, मेन राज्यातल्या बाथ इथे बांधली, 1893 मध्ये पाण्यात उतरली, आणि करारात तिच्यासाठी 17 नॉट (तासाला 17 सागरी मैल) वेग ठरला होता. तोफा चारच, त्याही सहा पौंडी, म्हणजे लहान. खरं शस्त्र नाळेचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागाचं टोक. 1866 च्या लिस्साच्या समुद्री लढाईत रे दीतालिया हे इटालियन जहाज अशाच धडकेनं बुडालं, तेव्हा सुकाणू मोडून ते जवळपास जागीच थांबलं होतं. पळत्या शत्रूला धडक द्यायची तर त्याच्याहून वेगानं जावं लागतं. म्हणून मला या यादीतली कुठलीच गोष्ट किरकोळ वाटत नाही.

कोळसा निवडून, चाळून घ्यावा. चुरा भट्टीत गेला की वाफ पडते. पुढे-मागे जहाज किती पाण्यात बसलंय ते निघताना आणि परतल्यावरही लिहून ठेवायचं. टाक्यांमधलं पाणी तर दोनदा तपासावं, कारण लढताना ही नौका पाणी आत घेऊन आणखी खाली बसायची, आणि चाचणीत ते ओझं नकळत राहून गेलं तर सगळे आकडे फुकट. इंजिनाच्या फेऱ्या मोजणारं यंत्र, सिलिंडरमधला दाब नोंदणारे इंडिकेटर आणि घड्याळं आदल्या दिवशीच जुळवून घ्यावीत.

भट्टीवरच्या माणसांसाठी पाळ्या लावा, पिण्याचं पाणी भरपूर ठेवा. कासवाच्या पाठीसारख्या डेकखाली हवा कोंडते. पुढे याच उकाड्यानं खलाशी हैराण झाले. यंत्राची ताकद मोजताना हे विसरू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

भरती-ओहोटीचा प्रवाहही मोजायचा आणि एकाच पल्ल्यावर जाऊन-येऊन सरासरी काढायची.

1895 च्या चाचणीत कटाडिनचा वेग 16.11 नॉट भरला. करारानुसार ती नाकारली गेली असती. अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, खास कायदा केला, तेव्हा कुठे फेब्रुवारी 1896 मध्ये ती नौदलात आली. आराखडा नौदलाचाच होता. वेग कमी पडला तर दोष बांधणीचा नाही हे दाखवता यावं, म्हणून बांधणाऱ्यांनी वजनांची वही आणि इंडिकेटरचे कागद त्याच संध्याकाळी सही-शिक्क्यासह बांधून ठेवावेत.