टपरी पाठीला बांधून: जिरोना ते ओलोत सायकलची तयारी

पुण्याहून सासवडला सायकलने निघताना आपण तयारी अशी काही करत नाही. पंक्चर झालं तर दोन किलोमीटरच्या आत झाडाला टायर टांगलेला कुणीतरी बसलेला असतो. भूक लागली की वडापाव, वाट चुकली की पारावरचा माणूस आपणहून हात दाखवतो. रस्ताच आपल्याला सांभाळतो. स्पेनच्या ईशान्येला, कॅटलोनियातल्या गारोत्चाच्या ज्वालामुखी डोंगरांत जायचं ठरवलंत तर ही सवय घरी ठेवून निघा. तिथल्या कच्च्या वाटांवर गाड्या नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून टपऱ्याही नाहीत. म्हणून ही यादी.

आधी वाट कोणती ते पक्कं करा. जिरोना ते ओलोत ही साधारण ५४ किलोमीटरची वाट म्हणजे जुन्या छोट्या रेल्वेचा मार्ग. दोन रुळांमधलं अंतर (गेज) ७५० मिलिमीटर, आपल्या बार्शी लाइट रेल्वेपेक्षा बोटभर अरुंद. गाडी १९६९ साली बंद पडली, पुढे रूळ गेले आणि दाबलेल्या मातीची सायकलवाट झाली. ‘ही गाडी मनात येईल तेव्हा सुटते आणि जमेल तेव्हा पोचते’ असं तिथले लोक तिच्याबद्दल म्हणायचे. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच चढ असल्यामुळे पायांवर जोर येत नाही. जिरोना समुद्रसपाटीपासून सत्तर-एक मीटरवर, तर ओलोतच्या अलीकडची कोय द’एन बास ही खिंड सुमारे ६२० मीटरवर. एवढी उंची पंचेचाळीसेक किलोमीटरांत हळूहळू चढायची. बहुतेक जण बसने ओलोत गाठून उताराने खाली येतात. मी उलटं सांगेन: जिरोनात सायकल भाड्याने घ्या, पहिल्या दिवशी वर चढा, दुसरा दिवस ज्वालामुखींना द्या, तिसऱ्या दिवशी खाली या. सायकल बसमध्ये घालायची भानगडच नको, आणि उतार शेवटी मिळतो.

महिना निवडताना एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. जुलै-ऑगस्टच्या उन्हात जिरोनाकडची वाट तापते. बीच वृक्षांची पानं तांबूस झालेली बघायची असतील तर ऑक्टोबरची अखेर बरी. मात्र शरद ऋतूत शनिवार-रविवारी रानडुकरांची हाकाऱ्यांसह शिकार चालते. आडवाटेच्या तोंडाशी ‘बातुदा’ लिहिलेला फलक दिसला तर हुशारी न करता मागे फिरा. महिना कुठलाही असो, पावसाळी जाकीट घ्याच. ‘ओलोतला पाऊस नसेल तर कुठेच नसेल’ अशी तिथली म्हणच आहे. मी मे महिन्यात गेलो होतो, ऊन बघून जाकीट खोलीवर ठेवलं आणि दुपारी एका गोठ्याच्या वळचणीला तासभर गायींच्या सोबतीने उभा राहिलो.

सायकल इथून न्यायची की तिथे घ्यायची, यावर सायकलवाले तासन्‌तास वाद घालतात. मी एकदा स्वतःची नेली. खोक्यातून काढली तेव्हा मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा पत्रा, वाकलेला, आणि पहिला अर्धा दिवस तो सरळ करण्यात गेला. जिरोनात युरोपातले कितीतरी व्यावसायिक सायकलपटू राहतात, त्यामुळे चांगली ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, जाड टायरांची) भाड्याने मिळायला अडचण येत नाही. इथून फक्त आपले पेडल, बूट, हेल्मेट आणि खुर्चीच्या उंचीचं माप न्या. माप बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून खुर्चीच्या माथ्यापर्यंत घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. सायकल हातात आली की सगळ्यात आधी ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला. मुरमाच्या उतारावर सवयीने डावा ब्रेक करकचून दाबलात तर पुढचं चाक घसरलंच म्हणून समजा. दुकानदाराला सांगितलं तर तो बदलूनही देतो. नाहीतर पहिला तासभर एखाद्या मोकळ्या मैदानात घोटून घ्या. वाहतूकही उजवीकडून चालते, हे रस्ता ओलांडताना विसरायला होतं.

आता टायर, इथे मात्र घाई नको. फक्त रेल्वेची वाट करायची असेल तर ३५-३८ मिलिमीटर पुरतात. ज्वालामुखींच्या आजूबाजूच्या वाटांसाठी ४० ते ४५ घ्या, तेही ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले. तिथली जमीन म्हणजे काळी-तांबडी, भोकाभोकांची, हलकी खडी, तिला तिथे ‘ग्रेदा’ म्हणतात. मुठीत धरली तर कुरकुरीत लागते, पण कडा धारदार. आपला मुरूमही लाव्ह्याच्याच खडकाचा, पण सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुना, पावसापाण्याने झिजून गोटीगोटी झालेला. गारोत्चातला शेवटचा उद्रेक गेल्या पंधरा हजार वर्षांतला, त्यामुळे ती खडी अजून तरुण आणि चिडकी. चाकाखाली ती दबत नाही, बाजूला सरकते. म्हणून हवा कमी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. सराव इथेच करायचा असेल तर सासवडच्या मागच्या मुरमाड वाटा चालतील. वळणावर ब्रेक सोडून चाकाला आपल्या वाटेने जाऊ द्यायचं, एवढं तरी अंगात मुरवून जा.

खिशातली टपरी अशी: दोन ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), ट्यूबलेस टायरचं भोक बुजवायच्या प्लगचा संच, हातपंप, टायर लिव्हर, चेन तोडायचं-जोडायचं चेनटूल असलेलं मल्टिटूल, चेनची एक जोडकडी, आणि शक्य असेल तर त्याच सायकलचा जादा हँगर, तो दुकानातून मागून घ्या. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यांबद्दल विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे, त्यात पडू नका, पंप बरा. पाऊस झाला तर ही खडी ब्रेकपॅड किसणीसारखी खाते, म्हणून पॅडची एक जोडी जादा ठेवा. चेनला घट्ट तेल नको, त्याला धूळ चिकटून वाळूचा कागद होतो.

पाण्यासाठी पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. गावोगावी ‘फोन्त’ म्हणजे झरे किंवा नळ आहेत, पण वर ‘नो पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं असलं तर पिऊ नका. आमेर, लेस प्लानेस, सांत फेलिउ दे पायेरोल्स अशी गावं वाटेत आहेत, पण दुपारी दुकानं बंद होतात आणि दोन-चार तास उघडत नाहीत. एक वाजायच्या आत पोटाची सोय करा. घरून नेताना पेढे, बर्फी, तुपाचे लाडू नकोत, युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की न्या, घामात तिच्यासारखं दुसरं काही नाही. तिथे टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल घातलेला पाव कुठेही मिळतो. सांता पाऊ गावचे छोटे पांढरे घेवडे ज्वालामुखीच्या मातीतले आणि नावाजलेले, पण ते बहुधा डुकराच्या सॉसेजसोबत येतात. शाकाहारी असाल तर ‘सेन्सा कार्न नी पेश’ (मांस-मासे नको) हे तीन दिवसांत शंभर वेळा म्हणावं लागेल. ‘पेर्निल’, म्हणजे हॅम, नको हेही वेगळं सांगा.

एक हलकं कुलूप घ्या, आणि यात आळस नको. दुसऱ्या दिवशीचं पाहण्यासारखं बरंचसं पायी बघायचं आहे. फाजेदा द’एन जोर्दा हे बीचचं रान लाव्ह्याच्या प्रवाहावर उगवलंय, आत वीस-वीस मीटरचे दगडी उंचवटे आहेत. सान्ता मार्गारिदाच्या विवरात गवताचं गोल मैदान आणि मधोमध एकटं छोटं चर्च. क्रोस्कात तर बघाच: सुमारे १६० मीटर उंचीचा हा डोंगर बांधकामाच्या खडीसाठी खणता खणता फणसासारखा चिरला गेलाय आणि त्याच्या पोटातले काळे, तांबडे, पिवळसर थर उघडे पडलेत. सायकल कुलपात ठेवून त्या चिरेत पाच मिनिटं उभे राहा.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेंगेन व्हिसा, त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, आणि त्या विम्यात सायकलिंग बसतं का ते आधी विचारून घ्या. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. अडचणीत ११२. वाटेचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते.

घंटी हवीच. गाड्या नसल्या तरी रविवारी जिरोनाजवळ आजोबा, कुत्री, तीनचाकी चालवणारी पोरं असं सगळं गाव वाटेवर असतं. लांबून एकदा वाजवा, शेजारून जाताना ‘बोन दिया’ म्हणा, आजोबा कुत्र्याला ओढून घेतात. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी वाटेच्या मधोमध खांब रोवलेले असतात, उताराच्या भरात ते दिसत नाहीत. माझ्या डाव्या गुडघ्याला त्यातला एक चांगला आठवतो.

आणि एक जुनं फडकं. धोतराचं किंवा साडीचं असेल तर उत्तम. ही काळी धूळ पोटऱ्यांवर, मोज्यांत, कानामागे बसते, आणि खोलीवरचे टॉवेल पांढरे असतात.