पिक लाइन टाकली सिस्टरने, बिलावर नाव डॉक्टरांचं

आयसीयूत किंवा ऑन्कॉलॉजी वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी हे लिहितेय.

केमोला आलेल्या एका काकूंच्या हातावर एकही शीर उरली नव्हती. दंडात पिक लाइन (PICC), म्हणजे दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, टाकायचं ठरलं. मी ट्रेनिंग घेतलेलं होतं, डॉक्टर सरांच्या नजरेखाली बऱ्याच लाइन टाकून झाल्या होत्या. टेपने माप घेतलं: दंडापासून छातीच्या हाडाच्या उजव्या कडेपर्यंत आणि तिथून खाली तिसऱ्या फासळीखालच्या खाचेपर्यंत. सोनोग्राफीचा प्रोब हलकेच दाबला. शीर लगेच चपटी होते, धमनी दाबाखालीही धडधडत राहते. हा फरक डोळ्यांत बसला की अर्धं काम झालं. लाइन पहिल्या खेपेस गेली, एक्स-रेत टोक जागेवर दिसलं. सर तेव्हा ओपीडीत होते.

डिस्चार्जच्या दिवशी काकूंचा मुलगा बिल घेऊन आला. "सिस्टर, डॉक्टरांची प्रोसिजर फी लावलीय. आई तर म्हणते, सगळं तुम्हीच केलंत."

मला उत्तर देता आलं नाही. फाइल उघडली तर प्रोसिजर नोटवर सरांची सही. माझ्या नोट्समध्ये एवढंच: 'पिक लाइन टाकण्यात आली, रुग्ण स्थिर.' कोणी टाकली, ते मीच लिहिलं नव्हतं.

आपल्याकडे नर्सिंग बहुतेक वेळा बेडच्या भाड्यात किंवा रोजच्या सरसकट नर्सिंग चार्जमध्ये मुरून जातं. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः तपासणी-उपचार करणाऱ्या नर्सला, स्वतःच्या बिलिंग नंबरवर मेडिकेअरचं (तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं) बिल लावता येतं. डॉक्टरांच्या दराच्या 85 टक्के मिळतात. तेच काम क्लिनिकमध्ये नियमांत बसवून डॉक्टरांच्या नावावर लावलं, तर पूर्ण 100. म्हणजे कामावरचं नाव बदलण्याचा मोह तिथेही आहेच. इथे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालं असेल आणि आयसीयूत मन रमत असेल, तर त्याचा जरूर विचार करा.

पैशापेक्षा मला दुसरंच लागलं. पुढे दुसरीकडे मुलाखतीला गेले. "किती लाइन टाकल्यात?" असं विचारलं, आणि दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता.

म्हणून सांगते. तोंडी ऑर्डरवर प्रोसिजर करू नका. ऑर्डर शीटवर लिहून घ्या. हॉस्पिटलने त्या कामाची लेखी परवानगी तुम्हाला दिलेली हवी. ती नसेल तर हात कितीही बसलेला असो, "सर, तुम्ही या, मी असिस्ट करते" म्हणा. घाबरू नका, हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. केलेल्या कामाच्या नोंदीत 'टाकण्यात आली' नको. 'मी टाकली', खाली पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, वेळ. न केलेल्या कामावर सही मागितली तर देऊ नका.

आणि एक लॉगबुक आजच सुरू करा: तारीख, प्रोसिजर, कितव्या प्रयत्नात जमली, देखरेख कोणाची, त्यांची सही. रुग्णाचं नाव मात्र त्यात लिहायचं नाही.