सामाजिक शास्त्राचे शिक्षक व्हायचंय? मग या चुका टाळा

गणित झेपत नाही, सायन्सची डिग्री नाही, इंग्रजीची धास्ती वाटते. मग उरतो तो इतिहास-भूगोल. बी.एड.ला सामाजिक शास्त्राची मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हिशेब हाच असतो. गोष्टी सांगायच्या, नकाशा टांगायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, झालं. मुंबईतल्या शाळांमध्ये सराव पाठांसाठी येणारे छात्राध्यापक पाहिले की कळतं, बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. विषय सोपा म्हणून घेतला की तयारीही सोपीच होते आणि मग आठवी ‘ब’ची पोरं पहिल्याच तासाला ती उघडी पाडतात.

सगळ्या परीक्षा एकाच पिशवीत

सुरुवातीलाच होणारा घोळ म्हणजे सीईटी, टीईटी, सीटीईटी आणि टेट ही नावं एकमेकांत मिसळणं. लोकलमध्ये शेजारच्याने सांगितलं म्हणून फॉर्म भरणारेही आहेत. प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

बी.एड.ला प्रवेश हवा तर राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी. तिच्यात इतिहास-भूगोलाचा स्वतंत्र विभाग नाही; बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांवर प्रश्न येतात. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते, आणि मुंबईत हे विसरणारे हमखास भेटतात.

सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर २ लागतो. एकूण १५० गुण, त्यातले ६० सामाजिक शास्त्राचे; उरलेले ९० बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे. इतिहासात एम.ए. झालेली माणसं ६० पैकी भरपूर मिळवून शेवटी भाषेत अडकतात, कारण भाषेचा अभ्यास करावा लागतो हेच त्यांना पटलेलं नसतं. केंद्राची सीटीईटी द्या किंवा राज्याची टीईटी, पेपर २ ची रचना साधारण हीच आहे आणि एकदा पात्र झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, हे तिसरंच प्रकरण. २०० गुण, दोन तास, आणि पवित्र पोर्टलवरच्या भरतीत तुमचा नंबर या गुणांवर लागतो. टीईटी पास झालो म्हणजे नोकरी लागली असं धरून बसलेले नंतर हात चोळतात. टीईटीने दार उघडतं, आत रांगेत कुठे उभं राहायचं ते टेट ठरवते.

‘मला नववी-दहावीच शिकवायचंय, टीईटी कशाला?’ हा युक्तिवादही ऐकू येतो. कागदावर तो ठीक दिसतो, पण त्याने सहावी-आठवीच्या सगळ्या जागा तुम्ही आपल्या हाताने सोडून देता. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली (अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे). वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते यावरून ओळखा आणि पेपर देऊन टाका.

‘घरबसल्या बी.एड., हजेरीची कटकट नाही’ अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा. नियमित बी.एड. दोन वर्षांचं आहे, त्यात २० आठवडे शाळेशी संबंधित काम असतं आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. दूरशिक्षणाचं बी.एड. असतं, पण ते मुख्यतः आधीच प्रशिक्षण घेऊन सेवेत असलेल्या प्राथमिक शिक्षकांसाठी. पैसे भरण्याआधी कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः बघा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

भूगोल ऑप्शनला टाकणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून इथे जरा थांबू.

दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० गुणांचा, भूगोलही ४० गुणांचा, वर २० अंतर्गत. म्हणजे लेखी परीक्षेत निम्मा वाटा भूगोलाचा. तरीही बी.ए.ला इतिहास घेतलेला छात्राध्यापक पाठ वाटून घेताना भूगोलाचे पाठ मैत्रिणीच्या गळ्यात मारतो आणि स्वतः शिवाजी महाराज, १८५७, असहकार असे हातखंडा विषय घेतो. शाळेत लागल्यावर मुख्याध्यापक विचारत नाहीत. वेळापत्रकात ‘भूगोल, नववी अ’ असं लिहिलेलं असतं आणि वृष्टी, अंतर्गत हालचाली, वितरणाचे नकाशे हे सगळं तुमच्यापुढे उभं राहतं.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं. छात्राध्यापक काय करतात? दुकानातून दोन नकाशे आणतात आणि शेजारी शेजारी टांगतात. दोन्ही कागद सारख्याच मापाचे, त्यामुळे पोरांच्या डोक्यात दोन्ही देशही सारखेच. पाठ व्यवस्थित होतो, निरीक्षक ‘साहित्य चांगले’ असा शेरा देतात आणि चूक वर्गात तशीच राहते.

त्यापेक्षा आदल्या रात्री एक काम करा. दोन्ही देश एकाच प्रमाणावर पुठ्ठ्यावर काढून कापा. ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, भारताचं सुमारे ३२.८७ लाख. भारताचा तुकडा ब्राझीलवर ठेवला की चहूबाजूंनी ब्राझील उरतो, आणि मागच्या बाकावरूनही ‘एवढा मोठा?’ असा आवाज येतो. तो आला की लोकसंख्या सांगा: २०११ च्या जनगणनेत भारत १२१ कोटी, २०१० च्या जनगणनेत ब्राझील सुमारे १९ कोटी. आता लोकसंख्येची घनता ही संकल्पना समजवायला फळाभर व्याख्या लागत नाही. पोरं स्वतःच सांगतात की छोट्या तुकड्यावर जास्त माणसं आहेत. मग रेखावृत्तांकडे वळा. मुंबईत दुपारचे बारा वाजले असतील तेव्हा ब्राझिलियात पहाटेचे साडेतीन असतात. त्या वेळी तिकडचा विद्यार्थी काय करत असेल, एवढा एक प्रश्न पुरे. पुठ्ठ्याला खर्च वीस-तीस रुपये.

नकाशाच्या बाबतीत दुसरी चूक जुन्या तक्त्यांची. शाळेच्या कपाटात गुंडाळी करून ठेवलेला भारताचा नकाशा उघडून न बघता वर्गात नेऊ नका. त्यावर तेलंगण आहे का? ते २०१४ साली झालं. लडाख वेगळा दाखवलाय का? तो २०१९ पासून वेगळा आहे. हाताने नकाशा काढणारे अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप सर्रास गाळतात, आणि उत्तरेची सीमा अंदाजाने ओढतात. सीमेत अंदाज चालत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून ट्रेस करा. शीर्षक, सूची, दिशा, प्रमाण यांतलं एक जरी राहिलं तरी मेथडचे सर मार्क कापतात आणि बरोबरच करतात.

सीनियरचं टाचण

प्रत्येक कॉलेजात पाठ टाचणांची (पाठाच्या लेखी आराखड्यांची) एक वही पिढ्यान्‌पिढ्या फिरत असते. हल्ली तिची पीडीएफ झाली आहे. ‘विद्यार्थी स्वातंत्र्यचळवळीचे महत्त्व जाणतो’ हे उद्दिष्ट त्यात कुठल्याही पाठाला चिकटवलेलं सापडेल. जाणतो हे तुम्ही मोजणार कसं? ‘जहाल आणि मवाळ यांच्या मागण्यांतला फरक दोन उदाहरणांसह सांगतो’ असं लिहा, म्हणजे तासाच्या शेवटी मूल्यमापनाचा प्रश्न आपोआप मिळतो. उद्दिष्ट असं नेमकं लिहायला लागलात की उसनं टाचण फारसं उपयोगी पडत नाही, हा वरचा फायदा.

उसन्या टाचणाचा खरा तोटा पोरांनी प्रश्न विचारला की कळतो. इंग्रजांना मुंबई कधी मिळाली, हेच घ्या. टाचणात लिहिलेलं असतं १६६१. एखादा पोरगा उठून म्हणतो, बाई, क्लासच्या पुस्तकात १६६८ आहे. दुसरी सांगते, मी १६६५ वाचलंय. छात्राध्यापिका गडबडते आणि ‘आपल्या पुस्तकातलं लिहा’ म्हणून गप्प करते. खरं तर याहून चांगली संधी मिळणार नाही, कारण तिघंही बरोबर आहेत. १६६१ ला इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या लग्नाच्या तहात मुंबई द्यायचं ठरलं. ताबा प्रत्यक्ष मिळाला १६६५ मध्ये. १६६८ ला इंग्लंडच्या राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. फळ्यावर तीन सनावळ्या लिहा, तिन्हींपुढे ‘काय झालं?’ असं विचारा. इतिहासात साधन कशाला म्हणतात आणि एकाच घटनेच्या दोन तारखा का सापडतात, हे दहावीच्या इतिहासलेखनाच्या धड्यांआधीच पोरांच्या हाती लागतं. मात्र त्यासाठी तुम्ही पाठ्यपुस्तकापलीकडचं एक तरी पुस्तक वाचलेलं हवं. व्हॉट्सअॅपवर आलेली ‘आजचा दिनविशेष’ची यादी यात धरू नका.

बालभारतीची सहावी ते दहावीची इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोलाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सीबीएसई शाळेत जायचा विचार असेल तर अर्थशास्त्रही वेगळं वाचावं लागेल, तिथे नववी-दहावीला तो स्वतंत्र भाग आहे.

माध्यमाचंही बघा. सेमी-इंग्रजी म्हणजे सगळंच इंग्रजीत असं समजून मराठी माध्यमाचे उमेदवार तिथे अर्जच करत नाहीत. बहुतेक सेमी-इंग्रजी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीत असतं, इतिहास-भूगोल मराठीतच शिकवतात.

नागरिकशास्त्र घाईत उरकणं

धारावीच्या किंवा गोवंडीच्या शाळेत स्थानिक शासन शिकवताना ग्रामपंचायतीवर अर्धा तास घालवणारे आहेत. ग्रामपंचायत शिकवायचीच, पण सुरुवात दारातून करा. तुमच्या गल्लीतला कचरा कोण उचलतं, नळाला पाणी आलं नाही तर तक्रार कुठे, तुमचा नगरसेवक कोण? मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक आहेत, त्यांतला आपला कोणता हे घरी विचारून या म्हणावं.

मग कधीतरी प्रश्न येतोच: ‘सर, तुम्ही कोणाला मत देता?’ इथे दोन्ही टोकांना चुका होतात. कुणी थेट पक्षाचं नाव घेऊन भाषण ठोकतं, कुणी ‘राजकारण वाईट, आपण त्यात पडायचं नाही’ म्हणतं. दहावीच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर अख्खं प्रकरण आहे, तेव्हा दुसरं उत्तर तर विषयाचंच नुकसान करतं. मतदान गुप्त का ठेवतात, हे सांगायला तोच प्रश्न वापरा आणि पुढे चला. जात, फाळणी, आरक्षण, दंगली यांवरही वर्गात ठिणगी पडू शकते. अशा पाठांना आधी मेथडच्या सरांशी बोला, आणि कुठल्याही मुलाला ‘तुमच्यात कसं असतं रे?’ असं उभं करून विचारू नका. हे लिहावं लागतं, कारण लोक विचारतात.

लेसन फसतोय, आता काय?

वर्ग उत्तरच देत नाही: प्रश्न फार मोठा असतो किंवा त्यात उत्तर आधीच दडलेलं असतं. ‘म्हणजे इंग्रजांना कशाची भीती वाटली? एकीची, हो ना?’ यावर पोरं ‘हो’ एवढंच म्हणणार. प्रश्न तोडा, नाव घेण्याआधी चार-पाच सेकंद थांबा.

वेळ उरला: नवा मुद्दा काढू नका. नकाशा पुसून एका मुलाला पुन्हा भरायला लावा.

वेळ संपला: घंटा झाल्यावर शिकवत राहू नका. ३५ मिनिटांच्या तासात तीन मुद्दे बसतात, आठ नाही. हे टाचण लिहितानाच ठरतं.

गोंगाट: रेल्वेलाइनला लागून असलेल्या शाळेत गाडी गेली की सगळ्यांचाच आवाज बुडतो. तिच्यावर ओरडण्यात घसा जातो. तेवढ्या वेळात फळ्यावर लिहा.

मुंबईतच राहून मुंबई न बघणं

दहावीच्या भूगोलाचं पहिलंच प्रकरण क्षेत्रभेटीचं आहे, तरी क्षेत्रभेट म्हणजे सहल असं समजून ती डब्यावर आणि फोटोंवर संपते. आधी प्रश्नावली करा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला नेत असाल तर खडकाचे उभे खांब कसे झाले, हे पोरांनी बघून वहीत काढायचं आहे, तुम्ही वाचून दाखवायचं नाही.

परळ-लालबागच्या शाळेत सराव पाठ लागले असतील तर मौखिक साधनांसाठी बाहेर जायचीही गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि त्यांतल्या कुणाचं तरी नातवंड तुमच्या वर्गात असण्याची शक्यता बरीच आहे. ‘संप कधी झाला?’ असा एका ओळीचा प्रश्न देण्याऐवजी आजोबांना किंवा शेजारच्या काकांना विचारायचे पाच प्रश्न वर्गातच तयार करून घ्या: कुठल्या खात्यात होता, पगार किती, संपात घर कसं चाललं, नंतर काय काम केलं, गिरणीच्या जागेवर आता काय आहे. दोन आजोबांच्या सांगण्यात फरक आला तर तो खोडू नका, पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात करा. घरात या विषयावर बोलायची कुणाची तयारी नसेल, तर मुलाला जबरदस्ती करू नका, त्याला दुसऱ्याच्या गटात घ्या.

आणि कान्हेरी किंवा घारापुरी ठरवत असाल तर वेळापत्रकात सोमवार धरू नका, दोन्ही ठिकाणी त्या दिवशी बंद असतं. घारापुरीला पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेवरून बोटी सुटत नाहीत, म्हणून ती भेट दिवाळीनंतरच ठेवा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं निदान दोन आठवडे आधी गोळा करा.